शून्याला उत्तर देऊ नये

बुधवार, ५ नोव्हेंबर १९९७
बमरोली, सुरत

आज लाभपाचम. सुरतेची दिवाळीतली कुलपं आज उघडतात. माझंही एक उघडलं. धनसुखशेठच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, कायमचा वायरमन म्हणून रुजू झालो.

शेठनं पहिल्या लूमवर नारळ फोडला, आवो चिंधाभाई आवो करत स्वतःच्या हातानं पेढा भरवला आणि वर म्हणाला की नाव चिंधा असलं तरी माणूस जरीचा दिसतो. मी म्हटलं, शेठ, जरी नंतर काळी पडते, चिंधी कधी रंग बदलत नाही. सगळे हसले. सुरतेत पहिल्या दिवशी माणसं हसवली की पुढचे सहा महिने बरे जातात, हे मी याच शहरात ताण्याचे बीम खांद्यावर वाहताना शिकलो. वायरिंगही असंच शिकलो, उस्तादाच्या पायाशी बसून, त्याची शिडी धरून.

नावाचं सांगायचं तर माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत. म्हणून आईनं मला उकिरड्यावर ठेवलं आणि चिंधीच्या मोलानं परत घेतलं. मरणाला वाटावं, हा टाकाऊ माल आहे. आजवर तरी ते फसलंय.

खातं मोठं आहे, चाळीसेक लूम. आवाज असा की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानात तोंड घालावं लागतं. पण माझे कान तिखट. या गदारोळातही कोणत्या मोटरचं बेअरिंग रडतंय ते मी दारातून सांगतो. मुकादम हेमराज आमच्याच खान्देशातला, पारोळ्याकडचा. त्याला दोन मोटरी बोट दाखवून सांगितल्या, त्यानं हात लावून पाहिलं, दोन्ही तापलेल्या. तेव्हापासून मला नाना म्हणतो.

राहायला मेन पॅनलच्या वरची पत्र्याची खोली. वर जायला एकच लोखंडी जिना, अरुंद, दोन्ही बाजूंना पत्रा. खोलीत नळ आहे, गजांची खिडकी आहे. बायको भागीरथी आणि पोरगी चंचल यायच्या आहेत. चंचल सहा वर्षांची. बाप सुरतेत काय करतो हे तिला आता दिसेल.

शेठनं आधीच्या वायरमनचं डिजिटल मीटर माझ्या हवाली केलं. पिवळं, रेक्झिनच्या पाकिटात. आजवर मी टेस्टलॅम्प आणि काट्याच्या मीटरवर दिवस काढले, हे तर आकडे लिहूनच दाखवतं. आधीचा माणूस, नागनाथ, कुठं गेला विचारलं. शेठ म्हणाला, गामडे गयो, गावी गेला. हेमराज त्या वेळी बुटाची नाडी बांधत होता. त्याच्या पायात चपला होत्या.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

आमच्या फीडरचा वीजकाप शुक्रवारी. दिवसभर लाईट नाही, लूम बंद, साफसफाई आणि तेलपाणी. खात्यात इतकी शांतता की खिळा पडला तरी ऐकू यावा. मागच्या भिंतीपलीकडची लूमवाल्यांची सोसायटी दुसऱ्या फीडरवर, त्यांचा काप मंगळवारी. त्यामुळे आमच्या सुट्टीत त्यांची खडखड भिंतीतून झिरपत असते.

मीटर उघडून बसलो. पाकिटातून काढलं तर तांबडी वायर अँपिअरच्या भोकात! पाहूनच अंगावर काटा आला. काळी वायर कायम कॉमनमध्ये, तांबडी व्होल्टच्या भोकात. अँपिअर मोजायचे असतील तेवढ्यापुरती तिसऱ्या भोकात न्यायची आणि काम झालं की त्याच हातानं परत आणायची. तिथंच राहिली आणि कुणी लाईनला टोकं लावली, तर एकतर भडका उडतो, नाहीतर आतला फ्यूज आधीच उडालेला असेल तर मीटर शून्य दाखवतं. भडका परवडला. लाईन जिवंत आणि काचेवर शून्य, याच्याइतका गोड बोलणारा खुनी दुसरा नाही. वायर जागेवर लावली.

मग गंमत सुरू झाली. मीटर ओहमवर लावलं, दोन टोकं दोन हातांत धरायला दिली आणि सगळ्यांना सांगितलं की वीज तुमच्या अंगातून जायला किती कंटाळा करते ते यात दिसतं. आकडा मोठा, तर कंटाळा मोठा. बॉबीन भरणाऱ्या बाया पुढं सरसावल्या. कुणाचा आकडा आठशे, कुणाचा पाचशे. हेमराजची बोटं इतकी घट्टे पडलेली की काचेवर आकडाच येईना; डाव्या कडेला एकटा एक उभा, म्हणजे वाटच नाही. त्यांच्यातली मालतीबाई म्हणाली, मुकादमाच्या अंगात वीजसुद्धा शिरत नाही, तर आमचं सांगणं काय शिरणार! मग मी त्याची बोटं पाण्यात बुडवली आणि आकडा धाडकन खाली आला. सगळ्यांनी आपापले हात पदराला कोरडे केले. मला तेच हवं होतं. म्हटलं, ओला हात, अनवाणी पाय आणि लोखंड, हे तीन एकत्र आले की हेमराज काय आणि शेठ काय, सगळे सारखे.

शेवटी चंद्रभागा नावाची एक बाई आली. टोकं हातात धरली, आकड्याकडे न बघता मीटरच्या पाठीवरचा चरा बोटानं चाचपला आणि म्हणाली, भाऊ, हे माझ्या मालकाचं मीटर. कुठं असतात ते, विचारलं. ती कामाला निघून गेली.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

जिना चावतो. अनवाणी पायानं चढलं की तळव्याला मुंग्या. लोक सवयीनं उड्या मारत जातात आणि त्याला हसतात. मला हसू येईना. चंचल घरात चपला घालत नाही. आम्ही कुणीच घालत नाही, जिन्याखाली काढून येतो.

मीटर लावलं. काळ्या वायरीला चिमटा, तो नळाच्या पायपाला, तांबडं टोक जिन्याला. साठ व्होल्ट. पण डिजिटल मीटरचे कान माझ्याहून तिखट. शेजारून जिवंत वायर गेली तरी मेलेल्या वायरीत व्होल्ट दाखवतं, त्यात दम काही नसतो. म्हणून जोडीला टेस्टलॅम्प लावायचा. साधा बल्ब, दोन वायरी. दिवा लागला नाही आणि आकडा विरघळला, तर तो नुसता भास. लावला. आकडा विरघळला.

तरी अर्थिंगचा खड्डा उकरून पाहिला, कोरडा ठाक, पट्टी गंजून तुटलेली. नवी पट्टी, मीठ, कोळसा, चार बादल्या पाणी. आता जिना दोनवर आला. पाय ठेवून पाहिला, गार लोखंड, बाकी काही नाही.

भागीरथीला निरोप धाडला. ती आधी भावाकडे बारडोलीला जाईल, साखर कारखान्याचा सीझन सुरू झालाय, त्याला घरातल्या कामाला माणूस हवं. तिथून २८ तारखेला, शुक्रवारी, दुपारी इथं. शुक्रवारी मी मोकळा असतो.

एक खुपतंय. आज सकाळी पाकीट उघडलं तर तांबडी वायर पुन्हा अँपिअरच्या भोकात. हेमराजला झापलं. तो आईची शपथ घेऊन म्हणाला, नाना, मी त्या मीटरले हातबी लावत नही. पाकीट ट्रंकेत ठेवून कुलूप घातलं. किल्ली करगोट्याला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

वीजकाप. जेवून जिन्यावर आलो आणि पाय झटकन उचलला. मुंग्या.

लाईट नाही. मेन स्विच खाली आहे. फ्यूजच्या ग्रिपा मी स्वतः काढून खिशात घातल्या, उस्तादाची शिकवण. फ्यूज खिशात असले की मागून कुणी शहाणा लाईन चालू करू शकत नाही. आणि पायाला मुंग्या.

ट्रंक उघडली. कुलूप जसंच्या तसं. तांबडी वायर अँपिअरच्या भोकात.

करगोट्याची किल्ली चाचपली. मग जागेवर लावली. मागच्या गल्लीत चहाच्या टपरीवर लाईट होती, तिथं मीटर तपासून आलो: दोनशे तीस. जिन्यावर लावलं: एकशे दहा. परत टपरीवर: दोनशे तीस. आधी जिवंत, मग मेलेली, मग परत जिवंत, ही तपासायची रीत. मधल्या मध्ये मीटरच मेलं असेल तर त्याच्या शून्यावर कोण विसंबणार? मीटर ठीक होतं. आणि या खेपेला टेस्टलॅम्पची तारही लाल झाली. विझत्या विडीसारखी. भासाला दिवा लागत नाही.

आवाजही होता. पॅनलच्या पोटातून, बारीक, दाबून धरलेल्या हुंकारासारखा. मालतीबाईला विचारलं, तिला ऐकू येईना.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दुपारी चंद्रभागा स्वतः आली. लूमच्या आवाजात, माझ्या कानाशी तोंड आणून तिनं सगळं सांगितलं, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही.

नागनाथ गावी गेलेला नाही. गेल्या वर्षी अशाच एका शुक्रवारी, खालच्या पॅनलमध्ये हात घातला आणि गेला. फ्यूज त्याच्या खिशात होते. ती म्हणाली, भाऊ, ते माणूस भाताचा घाससुद्धा दोनदा बघून खायचं. हात घालण्याआधी मोठ्यानं आकडा ओरडायचे. ही रीत मलाही ठाऊक आहे: वायरमननं शून्य! म्हणून हाक द्यायची आणि ज्याला सगळ्या लायनी ठाऊक, त्यानं पाहून शून्य! म्हणून उत्तर द्यायचं, मगच हात आत. त्या दिवशी त्यानं हाक दिली. उत्तर आलं नाही. पुन्हा दिली. पुन्हा नाही. तिला बॉबीनच्या मशीनवरून ऐकू येत होतं, पण उत्तर देणं बायांचं काम नाही.

मग शेवटी त्याला वाटलं असेल, जेवायला गेले सगळे.

मी विचारलं, मीटरवर काय होतं? ती म्हणाली, शून्यच. मी नंतर पाहिलं ना, हातातच होतं त्यांच्या.

बोलून झाल्यावर मला कळलं की मी तिला एक गोष्ट विचारली नव्हती. वीजकापाच्या दिवशी बॉबीनचं मशीन चालू कसं होतं?

मंगळवार, १८ नोव्हेंबर

मीटर उघडलं. अँपिअरच्या भोकामागचा फ्यूज उडालेला. म्हणजे तांबडी वायर तिथं असेल तर लाईन जिवंत असो की मेलेली, काचेवर शून्यच. नागनाथ कसा गेला ते कळलं. उधना दरवाज्याहून नवा फ्यूज आणून बसवला. काही शहाणे तिथं जरीचा तुकडा गुंडाळतात. तसलं केलं की मीटर हातात फुटतं.

आणि लाईन कुठून आली तेही सापडलं. मोडक्या बीमांच्या ढिगामागं भिंतीला भोक, त्यातून जाडी केबल. आमच्या शुक्रवारी मागच्या सोसायटीची लाईट इकडं, त्यांच्या मंगळवारी आमची तिकडं. उसनी लाईन. अर्ध्या बमरोलीत असं चालतं, साखर-चहापत्तीसारखं. मेन स्विचला बगल देऊन ती थेट पॅनलच्या मागच्या पट्टीला येते; हल्ली तिच्यावर काही चालवत नाहीत, तरी पट्टी जिवंत. फ्यूज खिशात घालून काय उपयोग!

हेमराजला ढिगापाशी नेऊन उभं केलं. तो खाली बसला. म्हणाला, त्या दिवशी भिंतीआड बॉबीनचं मशीन उसन्या लायनीवर त्याच्यासमोरच चालू होतं, सोसायटीच्या खडखडीत नागनाथला ते कळलं नसेल. नागनाथला शेठनं सांगितलं होतं की ती लाईन बंद केलीय. नागनाथनं हाक दिली, शून्य. हेमराजला दिसत होतं की शून्य नाही. नुसतं नाही एवढं ओरडला असता तरी पुरे होतं. पण शेठची ताकीद, लायनीचं नाव तोंडातून काढायचं नाही. त्याच दिवशी ऑफिसात वीजखात्याचा कुणी साहेब बसलेला. म्हणून गप्प राहिला. खोटं उत्तर द्यायचं नव्हतं म्हणे. म्हणून गप्प.

मग माझा हात धरून म्हणाला, नाना, शुक्रवारना दिन दुपारले तो अजून हाक मारस. उत्तर देऊ नको. काही झालं तरी उत्तर देऊ नको.

मी म्हटलं, तुझ्या मनाला लागलंय ते तुला ऐकू येतं. माझ्या कानाला तर पॅनलच्या हुंकाराखेरीज काही आलेलं नाही.

गुरुवार, २० नोव्हेंबर

शेठला सरळ सांगितलं. शेठ हसला. म्हणाला, जुनी वायर, मरेली वायर, कापवी होय तो कापी नाख! एवढ्यावर मी खूष. मी त्याच्यासमोरच दोन्ही टोकं कापली, टेप मारली, मधला हातभर तुकडा काढून ऑफिसच्या टेबलावर ठेवला. भिंतीचं भोक सिमेंटनं बुजवलं. शेठचा चेहरा पडला, पण पेढा भरवलेल्या माणसाला इतक्यात काढता येत नाही.

आता उद्या या जिन्यात एक व्होल्टही येणार नाही. यायला वाटच नाही. आज पहिल्यांदा शांत जेवलो. चंचलला खिडकीपाशी गादी घालेन, तिथून खाडीकडचे बगळे दिसतात.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

वीजकाप. मेन खाली. फ्यूज खिशात. उसनी लाईन कापलेली, सिमेंट वाळलेलं. जाऊन हात फिरवून आलो.

ट्रंकेतून मीटर काढलं. तांबडी वायर व्होल्टच्या भोकात. देव पावला म्हटलं.

टपरीवर दोनशे तीस. जिन्यावर दोनशे तीस. टेस्टलॅम्प लावला, लख्ख पेटला. भर दुपारी माझी सावली पत्र्यावर पडली.

नीट विचार करत उभा होतो. तेवढ्यात खालून, पॅनलकडून, पुरुषाचा आवाज. दमलेला, पण स्पष्ट. मागच्या सोसायटीची खडखड होती, तरी तो वेगळा ऐकू आला.

शून्य.

आणि मी उत्तर दिलं.

मुद्दाम नाही. वीस वर्षांची सवय. उस्तादानं हाक दिली की शिडीखालून मी उत्तर द्यायचो. कानावर पडलं की तोंडातून निघतं, मधे डोकं येत नाही. शून्य! असं मी खणखणीत ओरडलो. आणि दिव्याचा उजेड माझ्या हातावर पडलेला होता.

दिवा विझला. मीटर शून्यावर आलं. हुंकार थांबला. वाटलं, सुटला बिचारा. एवढंच ऐकायचं होतं त्याला.

मीटर ओहमवर फिरवून गुंडाळायला घेतलं. काळं टोक माझ्या बोटांत, तांबडं खाली लोंबत होतं, हवेत, जमिनीपासून चांगलं वीतभर वर. कशालाही टेकलेलं नाही. काचेवर डाव्या कडेला एकटा एक असायला हवा.

नऊशे होता.

मी हललो नाही. आठशे. सातशे. वायर थोडी ताठ झाली, कुणी बोटांत धरल्यावर होते तशी.

ओल्या हाताचा आकडा होईपर्यंत मी बघत राहिलो. मग मीटर हातातून टाकलं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

हेमराजच्या खोलीवर आलो, भेस्तानला. त्याला सांगितलं. त्यानं माझं ताट वाढलं. मग म्हणाला की आता नागनाथला साथीदार मिळाला. नागनाथ एकट्यानं काम करत नसे.

चंद्रभागा आज कामावर माझ्याकडे बघत नाही. कालचं माझं उत्तर तिनं ऐकलं होतं. का दिलंस, म्हणाली. खोट्या शून्याला हो म्हणालास, भाऊ. तेच तर कुणी केलं नव्हतं.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

मीटर बमरोलीच्या खोलीतच टाकून आलो होतो. आज हेमराजच्या दाराशी पाकीट. कुणी आणलं माहीत नाही. तांबडी वायर — लिहायची गरज नाही. आतला नवा फ्यूजही उडालेला.

बारडोलीला निरोप पाठवला, ट्रकवाल्या भगवानबरोबर. बमरोलीला येऊ नका, भेस्तानला हेमराज मुकादमाकडे या. त्यानं नीट ऐकलं. तीनदा म्हणवून घेतलं.

लूम चालू असताना बरं वाटतं. आवाजात काही ऐकू येत नाही. मला आवाज आवडायला लागलाय.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

भगवानचा ट्रक कडोदऱ्याला पंक्चर होऊन उभा होता म्हणे. बारडोलीला पोचलाच नाही. आता रात्री जाईल. जाईल ना?

उद्या सकाळी उजेडात वर जाऊन ट्रंक आणि अंथरूण काढून आणतो. चंचलचा फ्रॉक आहे ट्रंकेत. मग दुपारी खात्याच्या फाटकात उभा राहतो. आल्याच तर तिथूनच वळवतो.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
सकाळी

वीजकाप. फ्यूज खिशात. तांबडी वायर व्होल्टच्या भोकात, दोनदा पाहिली. टपरीवर जिवंत, जिन्यावर शून्य, परत टपरीवर जिवंत. रीतसर. चपला खाली काढून वर आलो. सवय. वर आल्यावर लक्षात आलं. रबरी चपला. त्याच काढल्या.

ट्रंक भरली. निघालो —

लूम सुरू झाले.

सगळे. एकदम. माणूस नाही खात्यात. धोटे पळतायत. फ्यूज माझ्या खिशात आहेत, हात लावून पाहिलं, चारही आहेत.

जिना दोनशे तीस. दारातून टोक लावून मोजलं. पत्राही. खिडकीचे गजही. खोलीत मी लाकडी खाटेवर. अनवाणी.

ओरडलो. माझं मलाच ऐकू येत नाही.

दुपार

एक हात खिशात, उस्ताद म्हणायचा. दोन्ही हात मोकळे असले की वीज छातीतून जाते. खिशाऐवजी मी त्या हातात पेन धरलंय. लिहितोय तोवर तो हात कशाला लागणार नाही.

खिडकीतून फाटक दिसतं. रस्ता रिकामा. भगवान पोचला असेल. भेस्तानला गेल्या असतील. आता हेमराजकडे चहा पीत असतील.

रिक्षा.

भागीरथी. हिरवं लुगडं. चंचलच्या हातात उसाचं कांडं.

मीटर खाली ठेवून दोन्ही हातांनी खुणा केल्या. मागे व्हा. मागे. चंचलनं पाहिलं. हसली. तिनंही तसेच हात हलवले. पळत येतेय.

जिन्याशी आली. माझ्या चपला ओळखल्या. त्यांच्याशेजारी आपल्या सँडल काढून ठेवतेय. नीट. जोडीनं. आईनं शिकवलंय —

लूम थांबले.

एकदम शांत. मी वर आहे का, भागीरथी खालून विचारतेय, आवो, वर शेत का तुम्ही? चंचलला म्हटलं, थांब! एक पाऊल टाकू नको, बाप सांगतोय. थांबली. शहाणी पोर.

मीटर उचललं. चिमटा नळाला. टोक जिन्याला.

शून्य.

पुन्हा लावलं. शून्य. टेस्टलॅम्प — टेस्टलॅम्प खाली पिशवीत राहिला. टपरीवर जाऊन तपासायला वाट नाही. तिसरी पायरी रीतीतली — राहू दे. वीज कधीही पुन्हा येईल. आत्ताच उतरून —

हाक दिली. शून्य!

खालून उत्तर आलं. शून्य. पुरुषाचा आवाज. हेमराज आला वाटतं. बरं झालं. पहिल्यांदा उत्तर दिलं त्यानं.

पोरीला म्हटलं, तू नको चढू, मी येतो. तिला ऐकू आलं ते ये एवढंच. पाय उचलला तिनं. असू दे, शून्य आहे —

भागीरथी विचारतेय, कोणाशी बोलता. खाली तर आम्ही दोघीच —

मीटर. मघाशी खाली ठेवलं होतं. दोन्ही हातांनी खुणा करताना.

तांबडी वायर कुठल्या भो